मंजुरी येईपर्यंत

सिद्धलिंगनं भाकरीची ताटली आजही गजाबाहेर सारली. पाण्याच्या तांब्याला त्यानं काल दुपारपासून हात लावलेला नव्हता.

"मंजुरीआधी मेलास तर ते मरण बेकायदा होईल," दरोगासाहेब म्हणाले. "जवाब मला द्यावा लागंल."

"म्हंजे कायद्यानं मारता यावं म्हनून जगवायलाव मला?"

"हां," दरोगासाहेब म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

खुनाच्या गुन्ह्यात सिद्धलिंगला फाशी झाली होती, पण हैदराबादहून सरकारची मंजुरी यायची होती. ती आली तर दोर, माफी आली तर जन्मठेप. तोवर त्याचा जीव म्हणजे सरकारची अमानत, आणि तिची राखण परभणीच्या तुरुंगाच्या या दरोग्याकडे.

सगळा घोळ गळ्यातल्या दोऱ्यावरून झाला होता. फाशीच्या कैद्यानं गळफास घेऊ नये म्हणून त्याच्या अंगावर करदोटा, ताईत, काही ठेवायचं नाही असा नियम. दरोगासाहेबांनी सिद्धलिंगचा शिवदोराही ताईत समजून उतरवला आणि लिंगासकट कपाटात ठेवून दिला. लिंग अंगावर नसलं तर लिंगायत माणूस पाण्याचा घोटही घेत नाही, हे त्यांना मागाहून कळलं. पण दोरा परत द्यावा तर नियम मोडतो, न द्यावा तर कैदी मरतो. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी माणूस पाठवून सोनपेठहून त्याच्या आईला, गंगम्माला, बोलावून घेतलं.

"अम्मा, तुमीच समजवा. लेकरू उपाशी मरायलंय."

"लिंगाबिगर जेव, आसं मी त्याला सांगू?" गंगम्मा म्हणाली. "कुटं हाय त्याचं लिंग?"

शिपायानं आणून दिलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग, आणि त्याला पाच पदरी सुती दोरा. तिनंच वळलेला, बैल बांधला तरी तुटणार नाही असा. गंगम्मा कोठडीसमोरच फरशीवर बसली आणि दोऱ्याचा पीळ उलगडायला लागली. आपण पक्कं वळतो याचा तिला आजवर अभिमान होता. आज तिचीच बोटं दुखली. पाची धागे सुटे झाल्यावर तिनं त्यातला एक पुढं केला.

"वढा, साहेब."

दरोगासाहेबांनी दोन बोटांनी ओढला. लगेच तुटला.

"ह्याच्यानं चिमनी तरी मरंल का?"

दरोगासाहेबांना हसू आलं. बांधा म्हणून त्यांनी मान हलवली.

गंगम्मानं दुसरा धागा लिंगाच्या फडक्याला बांधला. लिंगाला पाणी घातलं, भस्म लावलं, आणि गजातून दोन्ही हात घालून सिद्धलिंगच्या गळ्यात अडकवलं. त्याची मान हाताला लागली तेव्हा तिला भडभडून आलं, पण परक्या माणसांसमोर ती रडली नाही.

"जपून हाल रं," एवढंच म्हणाली.

सिद्धलिंग आधी पाणी प्याला. मग भाकरी ओढून घेतली आणि एक हात छातीवरच्या लिंगाखाली धरून हळूहळू खाऊ लागला. दरोगासाहेबांना हायसं वाटलं. अमानत वाचली होती.

ते गंगम्माला फाटकापर्यंत सोडायला आले. आले ते खरं म्हणजे एक गोष्ट सांगायची राहिली होती म्हणून.

"अम्मा, आधीच सांगून ठेवतो. मंजुरी आली, तर त्या दिवशी हे बी उतरावं लागंल. गळ्यात दुसरं काई चालत नाई."

गंगम्मा उरलेले धागे ओच्याला बांधत होती. गाठ पक्की मारून मग तिनं वर पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. आमच्यात मेल्या मानसाला लिंगासंगंच मातीत ठिवत्यात. तुमचा दोर लय पक्का आसंल. त्याला ह्या कच्च्या धाग्याची काय आडचन?"