धाकटीचं वाचन

नाताळाआधीचा आगमनकाळ, म्हणजे येणाऱ्या बाळाची वाट बघायचे दिवस, त्या रविवारी सुरू झाला आणि चर्चमध्ये वाचन करायला धाकटी स्वतःहून पुढे गेली. पहिल्या बाकावर बसलेली आई पुढे सरकून बसली. पोर बोलताना अडखळायची, आणि अडखळली रे अडखळली की तिचा शब्द आई पुरा करायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर, अगदी फोनवरसुद्धा.

पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. मग 'प्रकाश' हा शब्द आला आणि गाडी अडली. "प्र... प्र..." माइकमधून नुसता श्वास ऐकू येऊ लागला. मागे कोणीतरी खोकलं. गायनमंडळातल्या काकू आईकडे टकामका बघायला लागल्या. शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको. आईने ओठ घट्ट मिटले. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नुसती थांबली, आणि तिच्याबरोबर सगळं चर्च थांबलं.

"प्रकाश," धाकटी म्हणाली, आणि पुढचं वाचन तिने सावकाश, आपलं आपण पुरं केलं.

बाहेर पडताना काकूंनी आईला गाठलंच. "आज वाचन फारच लांबलं, नाही? सांगून टाकायचा की गं तिला शब्द!"

आईने लेकीच्या खांद्यावर हात टाकला आणि मान ताठ केली.

"आगमनकाळ आहे, काकू. वाट बघायलाच तर आलो होतो ना आपण?"