धडा संपल्यावर

"नेट गेलं वाटतं, आई," असं म्हणून केतकीने टीव्ही बंद केला.

सरदाराची ती ऐतिहासिक मालिका सासूबाई आणि सासरे रोज जेवताना बघायचे. तलवार निघाली की सासरे घास हातातच धरून बसायचे. शेवटचा भाग तेवढा राहिला आणि ते गेले. तेव्हापासून त्यांच्या खालच्या पिठाच्या गिरणीला कुलूप होतं. शेवटच्या भागात सरदार लढाईत पडतो, बायको मागे उरते, हे केतकीने बघून ठेवलं होतं. म्हणून ती मालिका पुन्हा पहिल्यापासून लावायची आणि इथवर आली की थांबवायची.

"लाव तो भाग," सासूबाई म्हणाल्या. "तो मरतो ते ठाऊक आहे मला. शाळेत धडा होता."

"मग कशाला बघायचं?"

"धडा तिथेच संपवला होता मेल्यांनी. पुढे ती काय करते, ते बघायचंय."

पडद्यावर पांढऱ्या लुगड्यातली ती बाई सदरेवर आली, नवऱ्याच्या जागी बसली आणि कारभाऱ्यांना म्हणाली, "बोला."

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला होता. तो त्यांनी सावकाश खाल्ला.

"केतकी, गिरणीची किल्ली कुठे ठेवलीस?"