चढा आवाज

"आई, गोळी घेतलीस का?" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"घेतली बाई. शेजाऱ्यांनाही कळलं असेल," आई हसत म्हणाली. तिला फार कमी ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

घर खायला उठायचं, म्हणून मी बदली मागून घेतली. नवं शहर, नवी खोली. ऑफिसात पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अहो, हळू बोला की. मी इथेच बसलेय."

संध्याकाळी खोलीवर आले, दार लावून घेतलं. आईशी मायेचं काही ओरडून बोलायचा मला नेहमी संकोच वाटायचा, म्हणून ते राहूनच गेलं होतं. आता तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, मला तुझ्याशिवाय कुठेच करमत नाही गं."