गाराम विद्यापीठ प्रवेशद्वार

भुयारी स्टेशनाच्या पायऱ्या चढून मालसुन वर आली. समोर टॅक्सीवाला दिसताच तिने लेकीचा, मिरानचा हात घट्ट धरला.

"विद्यापीठ ना, बाई? बसा. चार किलोमीटर आहे, मध्ये टेकडी लागते."

"गावाकडचं माणूस दिसलं की लागलात टोपी घालायला," मालसुन म्हणाली. "वर काय लिहिलंय, वाचा जरा. विद्यापीठ प्रवेशद्वार."

"स्टेशनाचं नाव आहे हो ते. इथल्या इमारतवाल्यांनी सह्या गोळा करून लावून घेतलं, वस्तीचा रुबाब वाढतो म्हणून. दार मात्र टेकडीपलीकडेच राहिलं."

वा रे पठ्ठ्या, गोष्टसुद्धा तयार ठेवलीय, मालसुनला वाटलं. मिरानची प्रवेशाची मुलाखत नऊला होती आणि नऊनंतर कुणाला आत घेत नाहीत. परीक्षेच्या दिवशी बुळबुळीत शेवाळाचं सूप प्यायलं की पोर घसरतं म्हणतात, म्हणून आज सकाळी तिने त्या सूपचं नावही काढलं नव्हतं, आणि इथे पहिल्याच पावलाला हा भामटा. तिने फळवालीला विचारलं. फळवालीनेही टॅक्सीकडेच बोट दाखवलं. सगळे एकाच माळेचे मणी.

"आई, बसू या ना," मिरान म्हणाली. "वीस मिनिटं झाली आठ वाजून."

"माणूस खोटं बोलेल गं. सरकारी पाटी कशाला खोटं बोलेल?"

दोघी चालत निघाल्या. चढ संपेना. शेवटी मिरान नवे बूट हातात घेऊन धावत सुटली. पोचल्या तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि फाटक बंद होतं.

"स्टेशनवरून चालत आलात?" रखवालदाराने आतूनच विचारलं. "दरवर्षी येतं कुणीतरी."

मालसुनने हात जोडले, ती रडली. त्याने नकारार्थी मान हलवली.

दुपारी दोघी परत स्टेशनाशी आल्या. टॅक्सीवाला तिथेच उभा होता. मालसुनला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात एक बाई आपल्या लेकीला घेऊन पायऱ्या चढून वर आली. पोरीच्या हातात दुपारच्या मुलाखतीचं पत्र होतं.

मालसुन पुढे झाली. "बाई, चालत जाऊ नका. फार लांब आहे हो. माझं ऐका, त्या टॅक्सीत बसा."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टॅक्सीवाल्याला पाहिलं.

"एका गिऱ्हाइकामागे किती देतो हो हा तुम्हाला?"

आणि लेकीचा हात धरून ती चढाला लागली. मालसुन तिच्यामागे धावणार, तोच मिरानने तिची बाही धरली.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "तिने पाटी वाचलीय."