परमिट

१९७१ साल. दारूबंदी उठू नये म्हणून सोलापुरात कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणारी नागव्वा महिनाभरातच डॉक्टरांसमोर बसली होती.

"आमच्या मालकांना दारू लागतीच, असं लिहून द्या. तुमच्या चिठ्ठीवर दारूचं सरकारी परमिट काढायचं हाय."

डॉक्टर बघतच राहिले. "नागव्वा, तुम्ही?"

"बंदी हाय म्हणून हातभट्टीची पित्यात. तिच्यात काय घालत्यात, कुणाला ठावं. परमिटची निदान इख तरी नसंल."

"बरं. तपासावं लागेल. उद्या पाठवून द्या त्यांना."

"मीच घेऊन येते. त्येंला दिसत न्हाय आता. त्याच दारूनं डोळं गेलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग आता तरी सुटली असेल."

"न्हाय, साहेब. भिंत चाचपत रोज भट्टीवर जात्यात."