वाढीव डोस

सरकारी योजनेतल्या फुकट गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले, तरी काकांचं ब्लडप्रेशर काही उतरेना. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि चष्म्यावरून रोखून पाहिलं.

"काका, खरं सांगा. गोळी चुकवता ना?"

"छे हो! रोज सकाळी, अगदी घड्याळ लावून." टेबलाखाली काकांचा पाय सारखा हलत होता.

"मग नाइलाज आहे. उद्यापासून रोज दोन."

चिठ्ठीवर शिक्का पडेपर्यंत काकांना दम निघेना. ते जवळजवळ पळतच बाहेर आले. बाकावर बायको पिशवीचे बंद पिळत बसली होती.

"योजनेत तुझं नाव नसेना का!" ते तिच्या कानाशी पुटपुटले. "आता गोळीवर सुरी चालवायला नको. एक माझी, एक तुझी."