कोंडूची लूट

“नाई म्हणजे नाई. आपला नाई तो पोरगा,” भागीरथाबाई म्हणाली आणि सुपातले तांदूळ जोरजोरानं पाखडू लागली.

ज्याच्याबद्दल ती हे बोलत होती तो कोंडू तिच्याच पाठीवर लोंबकळत होता. तिचा सख्खा नातू, तिच्या सुनेच्या पोटचा. पण घरात तसं म्हणायची चोरी होती. सून मनकर्णा, तिची आधीची तीन लेकरं गेलेली. पहिल्याची तर बुढीनं संक्रांतीला डफडं लावून लूट, म्हणजे बोरन्हाण, केली होती, अख्ख्या गावात मिरवला होता. होळीच्या आत पोर तापानं गेलं. दृष्ट लागली, आणि ती आपल्याच मिरवण्यानं लागली, हे बुढीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

म्हणून कोंडू जन्मला तसा तिनं तो दुसऱ्या दिवशी विकून टाकला. बांगड्या भरायला आलेल्या, मूल गावच्या जैनबनं पसाभर कोंडा दिला आणि पोर विकत घेतलं. नावही त्यावरूनच पडलं. रीतच होती तशी. लेकरू खायचं-प्यायचं आपल्याच घरी, फक्त म्हणायचं दुसऱ्याचं. यंदा तर अख्खा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्याला देऊन टाकला होता, तिथं एका पोराचं काय घेऊन बसलात. कोणी विचारलं की मनकर्णा सांगायची, मूलच्या जैनबचा आहे. पोर जगत होतं, म्हणून सांगायची.

आता संक्रांत होऊन गेली होती आणि घरोघरी लुटी चालल्या होत्या. लेकराला पाटावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, रेवड्या टाकायच्या आणि गल्लीतल्या पोरांनी त्या लुटायच्या. पाच वर्षांच्या आतच करतात. कोंडूचं हे शेवटचं वरीस. दुसऱ्यांच्या दारात बोरं वेचायला तो सगळ्यात पुढे असायचा. परवा ओंजळभर बोरं घेऊन घरी आला आणि विचारू लागला, “माही लूट कवा हाय?” मनकर्णेनं तेव्हाच मनात पक्कं केलं. आपल्या एका तरी लेकराच्या डोक्यावरून बोरं पडताना पाहायची. मग काही होवो.

“आपला नाई ना तो?” लुटीला नाही म्हणणाऱ्या सासूला ती म्हणाली. “मग आपली दृष्ट त्याले कशी लागन? ज्याईचा हाय त्याईच्याच दारात करू. आपण पाहुणे म्हणून जाऊ.”

नियम बुढीचाच होता. “मी नाई येत,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णेच्या नवऱ्यानं, मुखरूनं, बैलबंडी जुंपली तर बुढी सगळ्यांच्या आधी आत अंथरलेल्या तणसाच्या पेंढ्यावर बसलेली. तोंड मात्र फिरवून. “मले बाजारात काम हाय,” ती म्हणाली. तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती होती?

मूलला जैनब दारातच भेटली. सगळं ऐकून हसली. “आमच्यात असं नाई करत, बाई,” ती म्हणाली. “पर बेटा मेरा है, तर मीच करीन. कसं करतेत ते सांगा.” तिची लेक नूरी धावत जाऊन मोहल्ल्यातली सगळी पोरं गोळा करून आली. शेजारच्या बायका आल्या. कोंडूला पाटावर बसवलं. जैनबनं त्याच्या डोळ्यात सुरमा घातला, तेव्हा तर पोरगा ऐटीत मानच हलवेना.

मनकर्णा भिंतीपाशी उभी राहिली, परक्या बायकांत. ठरलंच होतं तसं. हात पुढे जायला पाहत होते, ते तिनं पदराखाली घट्ट धरून ठेवले. आणि बुढी? ती बंडीवरच होती, पाठ करून.

ओंजळीनं थोडं थोडं टाकायचं असतं, हे जैनबला सांगायचं राहून गेलं. तिनं मोठ्या मायेनं मनकर्णेनं आणलेली बोरं-मुरमुऱ्यांची टोपली उचलली आणि अख्खी उपडी केली. मुरमुरे उडाले, रेवड्या सांडल्या, आणि एक कच्चं टणक बोर कोंडूच्या कपाळावर टचकन बसलं. पोरानं भोकाड पसरलं.

“हळू ना वो जैनब, माह्या नातवाले लागलं ना!”

बुढी बंडीवरून कधी उतरली ते कोणालाच दिसलं नाही. पाटापाशी उभी राहून ती कोंडूचं कपाळ चोळत होती.

“तुमचा नातू?” शेजारची एक बाई म्हणाली. “जैनब तर सांगत होती का तिनं घेतला म्हणून.”

बुढीचा हात थांबला. ‘जैनबचा’ एवढं म्हटलं की भागणार होतं, आणि ते म्हणायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात कोंडू तिच्या हातातून निसटला, शर्टानं नाक पुसलं आणि बाकीच्या पोरांत घुसून स्वतःचीच लूट लुटू लागला. चांगला धडधाकट, दोन पोरांना ढकलून पुढे जाणारा. बुढी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं खाली वाकून बोरांची एक ओंजळ भरली.

“हो, माहा नातू,” ती म्हणाली. आणि भिंतीकडे वळली. “मनकर्णे, तिथी काऊन उभी हायेस लोकाईवानी? ये इकडे. पोराले दोन माय हायेत, दोघीनंही टाका.”